बोट वर्गातच टोचू द्या

प्रति,
मुंबईतल्या सर्व माध्यमांच्या शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि पीटीचे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शाळेत टाइप १ मधुमेह असलेलं मूल असेल, तर त्याला त्याची शुगर जिथे बसलंय तिथेच तपासू द्या. शुगर खाली आली असेल तर तिथेच, बाकावर बसूनच, गोड खाऊ द्या. आमची मुख्य मागणी एवढीच आहे. आम्ही परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि मधुमेह-शिक्षक आहोत. इन्सुलिन, ग्लुकोमीटर (रक्तातली साखर मोजायचं यंत्र) आणि डबा यांचा मेळ कसा घालायचा हे मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना शिकवणं हे आमचं काम. घरी कष्टाने बसवलेली ही घडी शाळेत विस्कटते, म्हणून हे पत्र.

पुष्कळ शाळांत नियम असतो की सुई, रक्त वगैरे वर्गात नको, मुलाने खाली ऑफिसात किंवा सिक रूममध्ये जावं. हेतू चांगलाच असतो. पण तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गातल्या एखाद्या मुलीची शुगर ६२ झाली आहे (७० च्या खाली म्हणजे कमी) असं धरा. आधी बाईंची परवानगी, मग तीन जिने, मग शिपाई काकांकडून कपाटाची किल्ली. जिने उतरताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढतात, आणि सकाळी टोचलेलं इन्सुलिन शुगर खाली आणायचं काही थांबत नाही. ऑफिसात पोचेपर्यंत ६२ चे ५० झालेले असू शकतात. चक्कर येऊन पडायची वेळ आली तर ती जिन्यात पडते, एकटी. बाकावर बसून तीन चमचे ग्लुकोज खायला तिला अर्धं मिनिट पुरलं असतं.

आधी आजाराबद्दल चार शब्द, कारण गैरसमज इथूनच सुरू होतात. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते आणि त्या नष्ट होतात. गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही, एकमेकांना लागत नाही, आणि काढा, पथ्य किंवा योगासनं यांनी इन्सुलिन बंद करता येत नाही. इन्सुलिन आयुष्यभर बाहेरूनच घ्यावं लागतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत ज्याला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं तो लेनर्ड थॉम्प्सन १४ वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या आठवी-नववीतल्या मुलांएवढा. त्याआधी हा आजार झालेली मुलं जगत नसत. आज ती जगतात, शिकतात, क्रिकेट खेळतात. मात्र त्यासाठी दिवसभर आकड्यांवर नजर ठेवावी लागते.

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. ७० ते १८० च्या दरम्यान शुगर असेल तर ठीक. ७० च्या खाली गेली की लगेच गोड द्यायचं. ५४ च्या खाली म्हणजे धोका. तेव्हा मूल नीट विचार करू शकत नाही आणि 'मला बरं नाही वाटत' हेसुद्धा त्याला धड सांगता येत नाही. म्हणून खूण तुम्हाला ओळखता यायला हवी. घाम, थरथर, फिक्कट चेहरा, अचानक लागलेली भूक या खुणा सहसा माहीत असतात. वर्गात मात्र लो शुगर बऱ्याचदा वेगळ्याच रूपात दिसते. सुवाच्य लिहिणाऱ्या मुलाची अक्षरं ओळीखाली घसरतात, सोपी वजाबाकी तीनदा चुकते, शांत मुलगा उलट बोलतो, एखादी मुलगी फळ्याकडे नुसती पाहत राहते किंवा बाकावर डोकं टेकते. या मुलाला ओरडण्याआधी एकच प्रश्न विचारा: 'शुगर बघितलीस का?' उत्तर यायला वेळ लागला, तर न मोजताच ग्लुकोज द्या. शुगर लो नसताना तीन चमचे ग्लुकोज पोटात गेलं तर थोडा वेळ शुगर वाढेल, एवढंच. लो असताना न देण्याची किंमत फार मोठी आहे.

द्यायचं किती? साधा हिशेब असा, की मुलाच्या वजनाच्या दर किलोला ०.३ ग्रॅम. ३० किलोच्या मुलाला सुमारे ९ ग्रॅम, ५० किलोच्या मुलाला १५ ग्रॅम. सपाट भरलेल्या एका लहान चमच्यात ४ ते ५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पावडर मावते. म्हणजे तिसरी-चौथीतल्या मुलाला दोन चमचे, नववीतल्याला तीन ते चार, अर्धा पेला पाण्यात ढवळून. मग घड्याळ लावून १५ मिनिटं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. अजूनही ७० च्या खाली असेल तर तेवढाच डोस परत. शुगर वर आली आणि डब्याला अजून तासभर असेल, तर अर्धी पोळी किंवा दोन बिस्किटं द्यायची, नाहीतर ती पुन्हा घसरते.

इथे सगळ्यात जास्त चुका चॉकलेटमुळे होतात. बाईंच्या पर्समध्ये चॉकलेट असतं, मुलाला ते आवडतं, दिलं जातं. पण चॉकलेटमधली चरबी साखरेचं शोषण मंद करते. क्रीमचं बिस्किट, लाडू आणि दुधाचंही तेच. १५ मिनिटांनी शुगर तशीच दिसते, घाबरून आणखी खायला दिलं जातं, आणि दोन तासांनी ती ३०० वर जाते. दुसरी चूक म्हणजे 'शुगर फ्री' पेय देणं. त्यात साखरच नसते. आणि मूल बेशुद्ध असेल, त्याला झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा, मग पालकांना. डॉक्टरांनी ग्लुकागॉनचं (शुगर झटकन वर आणणारं) इंजेक्शन लिहून दिलं असेल आणि ते शाळेत ठेवलं असेल, तर कसं द्यायचं हे किमान दोन शिक्षकांनी पालकांकडून आधीच शिकून घ्यावं. एकाने नाही, दोघांनी. एक जण रजेवर असतोच.

आता मोजणीबद्दल, कारण चुकीचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा घातक असतो. ग्लुकोमीटरला पाच-दहा सेकंद लागतात, सगळं आवरायला दोन मिनिटं. शाळेच्या वेळात सहसा दोनदा टोचावं लागतं, डब्याआधी आणि पीटीआधी, शिवाय मुलाला अस्वस्थ वाटेल तेव्हा. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे हवेत. आंबा, चिक्की किंवा ग्लुकोजची पावडर बोटाला चिकटलेली असेल तर मीटर खऱ्या शुगरपेक्षा कितीतरी मोठा आकडा दाखवतो, आणि लो असलेलं मूल 'हाय' ठरतं. सॅनिटायझरने ही साखर निघत नाही, आणि तो सुकायच्या आत टोचलं तर रक्ताचा थेंबही बिघडतो. नळाला पाणी नसेल तर मुलाच्या बाटलीतल्या पाण्याने रुमाल ओला करून बोट पुसावं, कोरडं करावं, पहिला थेंब पुसून टाकून दुसरा घ्यावा. टोचायचं ते बोटाच्या कडेला. मधोमध टोचलं तर जास्त दुखतं. लिहिणाऱ्या हाताची बोटं शक्यतो सोडून द्यावीत. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून हलकेच चोळायचा. बोट जोरात पिळलं की पेशींभोवतालचं पाणी रक्तात मिसळतं.

मुंबईच्या हवेचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो मीटरच्या पट्ट्यांना, म्हणजे ज्यांवर रक्ताचा थेंब घेतात त्यांना. या पट्ट्यांवरचं रसायन दमटपणाने खराब होतं. म्हणून त्या त्यांच्याच डबीत हव्यात, आणि पट्टी काढली की डबीचं झाकण टक आवाज येईपर्यंत लगेच लावायला हवं. जून ते सप्टेंबर या काळात दोन-चार पट्ट्या सोयीसाठी कंपासपेटीत सुट्ट्या ठेवल्या तर त्यांचा आकडा भरवशाचा राहत नाही. उष्णतेचंही तसंच, बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंतच चालतात, म्हणून दप्तर उन्हाच्या खिडकीत किंवा स्कूलबसच्या तापलेल्या मागच्या सीटवर पडून राहू नये. आणि मीटर नवा असला, पट्टी चांगली असली तरी थोडा फरक धरावाच लागतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभराखालच्या आकड्यात १५ चा फरक चालतो. म्हणजे मीटरने ७८ दाखवले तर खरी शुगर ६३ असू शकते. मूल घामाघूम असेल आणि मीटर ७८ म्हणत असेल, तर मुलावर विश्वास ठेवा.

काही मुलांच्या दंडावर सेन्सर असतो, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. तो रक्तातली नाही तर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो. गोड दिल्यावर सेन्सर लगेच वर चढत नाही, म्हणून शंका आली तर बोट टोचूनच खात्री करावी. सेन्सरचा आकडा दिसतो मोबाइलवर. शाळेत मोबाइलबंदी असते, ती आम्हालाही पटते. पण या मुलाच्या बाबतीत फोन हे वैद्यकीय उपकरण आहे. तो सायलेंटवर नको, कारण लो शुगरचा अलार्म वाजायला हवा. वर्गशिक्षकांच्या टेबलावर ठेवला तर चालेल, मात्र वर्ग बदलला की फोनही मुलाबरोबर जायला हवा. साधारण वीस-तीस फुटांपलीकडे गेला की सेन्सरशी त्याचा संपर्क तुटतो.

सुट्टीच्या वेळेबद्दल विशेष लिहावंसं वाटतं, कारण याचं गणित शाळेला कुणी समजावून सांगत नाही. स्वस्त आणि सहज मिळणारं रेग्युलर इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावं लागतं. मधली सुट्टी साडेदहाला असेल तर मुलाने दहाला, चालू तासात, टोचलेलं असतं. अशा वेळी 'एवढा धडा संपवू' म्हणून सुट्टी वीस मिनिटं पुढे ढकलली, किंवा मैदानावर प्रार्थना लांबली, तर इन्सुलिन कामाला लागलेलं आणि पोट रिकामं अशी स्थिती होते. बाकीच्या मुलांना नुसती भूक लागते. याला लो येते. सुट्टी लांबणार असेल तर या मुलाला वर्गात डबा उघडू द्या. सकाळच्या अधिवेशनाची अडचण आणखी निराळी. सातच्या शाळेसाठी मूल पावणेसहाला इन्सुलिन घेऊन, थोडं खाऊन निघतं. रेग्युलरचा जोर दोन ते तीन तासांनी चढतो, म्हणजे आठ ते नऊच्या दरम्यान, ऐन दुसऱ्या-तिसऱ्या तासाला. तेव्हा एक वेलची केळं किंवा मूठभर चणे-कुरमुरे खायची मुभा हवी. शिस्त मोडते असं वाटत असेल तर वर्गाला एकदा कारण सांगून टाका. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात.

अनुदानित आणि महापालिकेच्या शाळांतल्या पोषण आहाराचंही बघायला हवं. पहिली ते पाचवीसाठी दरडोई १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीसाठी १५० आणि ३० ग्रॅम असं प्रमाण आहे. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदकं, डाळीची धरून जवळजवळ ९० होतात. मध्यम आकाराच्या पाच-सहा पोळ्यांएवढं हे झालं. खिचडी मुलाने खायला काहीच हरकत नाही, पण रोज एकाच मापाची वाटी हवी. आज दोन डाव, उद्या चार, तर इन्सुलिनचा डोस ठरवणार कसा? वाढणाऱ्या ताईंना एक ठरलेली वाटी द्या आणि ती किती मिलीची आहे ते पालकांना कळवा. कोणत्या दिवशी कोणता पदार्थ, तेही आधी कळलं तर उत्तम. वाढदिवसाचं चॉकलेट, गणपतीचा मोदक यावर बंदी घालू नका, मुलाच्या हातातून काढूनही घेऊ नका. डब्यासोबत खायचं की घरी न्यायचं, हे त्याला शिकवलेलं असतं.

पीटीच्या सरांसाठी: या मुलाला मैदानाबाहेर बसवू नका. तासाआधी शुगर ९० च्या खाली असेल तर १०-१५ ग्रॅम कर्बोदकं खाऊन खेळायचं. ९० ते २५० असेल तर खेळायला हरकत नाही. २५० च्या वर असून पोट दुखत असेल, उलटी होत असेल किंवा कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणारी आम्लं) आढळले असतील तर खेळ नको, पालकांना बोलवा. ग्लुकोज तुमच्या खिशात हवं, पॅव्हेलियनमधल्या बॅगेत नको. कबड्डीच्या सामन्याचा किंवा क्रीडादिनाचा परिणाम रात्री झोपेतही दिसतो. खेळून झाल्यावर कित्येक तासांनी शुगर घसरते. त्या दिवशी पालकांना दोन ओळींचा निरोप पाठवलात तर रात्रीचा डोस आणि जेवण त्यांना सांभाळता येईल.

शुगर हाय असताना मुलाला सारखी तहान लागते आणि सारखं लघवीला जावं लागतं. पाण्याची बाटली बाकावरच राहू द्या आणि स्वच्छतागृहाला जायला परवानगी विचारावी लागू नये. उलट्या, पोटदुखी, जोरजोराने खोल श्वास आणि श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास या खुणा दिसल्या तर 'पित्त झालं असेल' म्हणून झोपवून ठेवू नका, तातडीने रुग्णालयात न्या. इन्सुलिन कमी पडल्याने रक्तात आम्ल साठतं, त्याची ही लक्षणं आहेत.

इन्सुलिनच्या बाबतीत शाळेने दोनच गोष्टी पाळाव्यात. एक, ते गोठू देऊ नये. वापरात नसलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते, पण ऑफिसातल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली आणि गोठली तर ती बाद झाली, वितळली तरी वापरता येत नाही. चालू बाटली सावलीत, थंड पाऊचमध्ये साधारण चार आठवडे राहते. दोन, एका प्रकारच्या इन्सुलिनची सिरिंज दुसऱ्या प्रकारच्या इन्सुलिनला कधीही वापरू देऊ नये. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन सहसा एका मिलीत ४० युनिटचं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिन पेनमधलं एका मिलीत १०० युनिटचं. पेन बिघडलं म्हणून त्याच्या कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात २५ युनिट जातात. म्हणजे अडीचपट. एकाच शाळेत दोन मधुमेही मुलं असतील तर हे घडू शकतं.

वापरलेली सुई आणि लॅन्सेट (बोट टोचायची सुई) वर्गाच्या कचऱ्यात नको. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती सुया आणि सिरिंज घातक कचऱ्यात धरल्या होत्या, आणि आपल्याकडे केर गोळा करणाऱ्या मावशींचे हात बहुतेक वेळा उघडेच असतात. जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली मुलाच्या पाऊचमध्ये असावी. त्यात टाकायचं, घरी न्यायचं. 'सुई वर्गात नको' यामागची तुमची खरी काळजी हीच असेल, तर तिच्यावर उपाय हा आहे.

पावसाळ्यासाठी एक तजवीज हवीच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कितीतरी मुलं रात्रभर शाळेतच अडकून राहिली. पाणी तुंबणं आपल्याला नवीन नाही, लोकल बंद पडणंही नाही. टाइप १ च्या मुलाचा रात्रीचा इन्सुलिनचा डोस पूर्ण चुकला तर सकाळपर्यंत कीटोन वाढू लागतात. जूनमध्येच पालकांकडून एक दिवस पुरेल एवढं इन्सुलिन, चार सिरिंज, दहा-पंधरा पट्ट्यांची बंद डबी, दोन जेवणांइतका कोरडा खाऊ आणि डोस लिहिलेला कागद मागून घ्या. इन्सुलिन फ्रिजमध्ये, बाकीचं हवाबंद डब्यात. महिन्याने ती इन्सुलिनची बाटली पालक घरी वापरायला नेतील आणि नवी ठेवतील, म्हणजे काही वाया जाणार नाही.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहून कळवलं आहे, की अशा मुलांना वर्गात शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधलं खाणं खाऊ द्यावं आणि परीक्षेतही ही मुभा असावी. सीबीएसईने २०१७ पासूनच बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं आणि पाणी नेऊ द्यायला सुरुवात केली. तुमच्या घटक चाचणीत आणि सहामाहीत हे करायला कुणाच्या परिपत्रकाची वाट पाहायला नको. दहावीचं केंद्र दुसऱ्या शाळेत असेल तर तिथल्या केंद्रप्रमुखांना डॉक्टरांचं पत्र निदान महिनाभर आधी पोचवा. पेपरच्या सकाळी फाटकावर ग्लुकोमीटरवरून वाद घालायला लागला तर तणावानेच मुलाची शुगर चढते. पेपर सुरू असताना लो आली तर उपचाराला गेलेली पंधरा-वीस मिनिटं त्याला भरून मिळावीत, याचीही बोलणी आधीच व्हावीत. आणि दर तीन महिन्यांनी परळच्या वाडियात किंवा केईएम, सायन, नायरच्या ओपीडीत तपासणीसाठी जाणारा दिवस हजेरीपटावर गैरहजेरी म्हणून त्याच्या विरोधात जाऊ नये.

खर्च म्हणाल तर वर्गागणिक घट्ट झाकणाचा एक छोटा डबा. ग्लुकोजचा मोठा पुडा फोडून ठेवू नका. आपल्या दमट हवेत तो आठवड्यात दगड होतो आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्या. चहाबरोबर मिळतात तशा ५ ग्रॅमच्या साखरेच्या पुड्या दहा-बारा, एक चमचा, एक पेला. डबा कुलपात नको, फळ्याशेजारच्या उघड्या फळीवर हवा, आणि तो कुठे आहे हे बदली तासाला येणाऱ्या शिक्षकांनाही माहीत हवं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वर्गशिक्षकांनी पुड्या मोजाव्यात आणि झाकणाच्या आत तारीख लिहावी.

आपले,
मुंबईतल्या मधुमेही मुलांसोबत काम करणाऱ्या परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि मधुमेह-शिक्षक